मूर म्हणजे मोरे नव्हेत आणि जेंटू म्हणजे जंतूही नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच माळ्यावर सापडलेल्या एका जुन्या इंग्रजी छापील पानावर लेख आला. सोबत पानाचा फोटो आणि खाली मराठी तर्जुमा होता. मूळ वाक्यात एवढंच म्हटलंय की त्या शहरात मूर आणि जेंटू राहतात आणि दोघांचाही व्यापार बरा चालतो. तर्जुम्यात मात्र शहरात 'मोरे आणि सभ्य गृहस्थ' राहायला आले. लेखकमहाशय तिथंच थांबले असते तरी निभावलं असतं. पण त्यांनी पुढं जावळीच्या मोऱ्यांची एखादी शाखा बंदरावर व्यापार करत असावी असं अनुमान काढलं आणि हे सभ्य गृहस्थ कोण असावेत यावर अर्धा स्तंभ खर्ची घातला.

सोमवारी सकाळी आमच्या तालमीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर याचा दुसरा अवतार आला. जेंटू म्हणजे गृहस्थ वगैरे काही नाही, जंतू! इंग्रजांनी आपल्याला किडामुंगी ठरवलं होतं आणि तरी आमचे लोक त्यांचं कौतुक करतात, वगैरे. दुपारपर्यंत तो मजकूर तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून माझ्याकडे परत आला. एकाने तर खाली 'कोर्टातले काका, तुम्ही बोला' असं लिहिलं. ग्रुपवर बोलून उपयोग नसतो, म्हणून आपल्याला लिहितो.

माझी नोकरी कोर्टात भाषांतरकाराची. मृत्युपत्रं, खरेदीखतं, जबान्या, जुन्या इनामांचे कागद यांचं इकडचं तिकडे करण्यात उभी हयात गेली. भाऊसिंगजी रोडवर सीपीआर रुग्णालयासमोरच्या ज्या जुन्या इमारतीत ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, तिथल्या एका अंधाऱ्या खोलीत माझं टेबल होतं. तिथं पहिली शिकवण मिळाली ती अशी : कागद हातात आला की आधी तारीख बघायची, मग लिहिणारा कोण ते बघायचं, आणि शब्दकोशाला हात त्यानंतर लावायचा. रविवारच्या लेखात नेमका शब्दकोशाला आधी हात लागला, आणि बहुधा तोही मोबाइलमधल्या.

मूरचं प्रकरण लवकर उरकतो. आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या प्रदेशाला रोमन लोक मॉरिटानिया म्हणत आणि तिथल्या माणसाला मॉरस. त्या बाजूने मुसलमान फौजा स्पेन-पोर्तुगालात उतरल्या, काही शतकं तिथं राज्य केलं, आणि पोर्तुगीजांच्या तोंडी मुसलमान म्हणजे मोरो हे कायमचं बसलं. तेच पोर्तुगीज जहाजं घेऊन १४९८ साली कालिकतला पोचले. तिथला अरबी घोड्यांचा व्यापारी असो की गावचा मापिळा म्हणजे मलबारी मुसलमान, त्यांच्या लेखी तो मोरोच. इंग्रजांनी पोर्तुगीजांकडून शब्द जसाच्या तसा उचलला. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे गोरे अधिकारी हिंदुस्तानी भाषेलासुद्धा 'मूर्स' म्हणत. जॉर्ज हॅडली नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १७७२ साली त्या भाषेचं व्याकरण छापलं, त्याच्या नावातच ही बोली 'मूर्स' म्हणून ओळखली जाते असा उल्लेख आहे. श्रीलंकेत मुसलमानांना आजही सरकारदरबारी मूर म्हणतात आणि फिलिपिन्समध्ये मोरो. यात जावळीचा संबंध नाही. मोरे मंडळींनी राग मानू नये.

खरा गुंता जेंटूचा आहे.

पोर्तुगीज आले तेव्हा त्यांच्या डोक्यात जगातल्या माणसांचे ठरलेले कप्पे होते : ख्रिस्ती, ज्यू, मूर आणि उरलेले. गंमत म्हणजे वास्को द गामा आणि त्याचे साथीदार कालिकतला एका देवळात शिरले आणि ते चर्चच आहे असं समजून बाहेर पडले. गैरसमज पुढे फिटला. मग ही देवळात जाणारी माणसं उरलेल्यांच्या कप्प्यात गेली. त्या कप्प्याचं नाव जेंतियो. शब्द लॅटिन 'जेंटिलिस'वरून आलेला. मुळात तो एकाच कुळातल्या माणसांसाठी होता. ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या लॅटिन भाषांतरात त्याला 'आपल्या धर्माबाहेरचे' असा अर्थ चिकटला. इंग्रजीत 'जेंटल' आणि 'जेंटलमन' हे शब्दही याच मुळाचे, फक्त ते फ्रेंच वाटेनं कुलीनपणाकडे गेले. म्हणजे आपल्या लेखकाचे सभ्य गृहस्थ हे जेंटूचे लांबचे चुलतभाऊ निघतात. पण चुलतभावाच्या नावावर सातबारा चढत नाही.

इंग्रजांनी जेंतियोचं जेंटू केलं. सतराव्या शतकातल्या लिखाणात एकाच माणसाच्या हातून दोन पानांवर दोन स्पेलिंगं सापडतील इतका तो शब्द ढिला होता. जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर १६७० च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर हिंडला, जुन्नरपर्यंत जाऊन आला. राज्याभिषेकासाठी रायगडावर गेलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या वकिलातीची हकीकतही त्याच्या पुस्तकात आहे. ते पुस्तक लंडनला १६९८ साली छापलं गेलं. त्यात तो स्वच्छ सांगतो की जेंटू हा पोर्तुगीजांचा बोलीतला शब्द आहे, अर्थ जेंटाइल, आणि हे इथले मूळचे रहिवासी. म्हणजे व्युत्पत्तीचा निकाल तेव्हाच लागलेला होता.

मग जंतू आला कुठून? तोही एका इंग्रजाकडूनच आला, आणि त्याच्या मनात शिवी नव्हती. त्याचं नाव नॅथॅनियल हॅलहेड, कंपनीचा एक तरुण नोकर. बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली बंगालच्या दिवाणी न्यायासाठी ठरवलं की वारसा, लग्न, जात आणि धर्माचे व्यवहार यांत मुसलमानांना कुराणाचा कायदा आणि जेंटूंना शास्त्राचा कायदा लावायचा. पण शास्त्र म्हणजे नेमकं कुठलं पान, हे गोऱ्या न्यायाधीशाला कसं कळावं? म्हणून अकरा पंडित बसवले. त्यांनी संस्कृतात 'विवादार्णवसेतु' हा ग्रंथ सिद्ध केला. तो आधी फारसीत आणला गेला, कारण साहेबाला फारसी येत होती आणि संस्कृत येत नव्हती. फारसीवरून पंचविशीतल्या हॅलहेडने इंग्रजी केलं. १७७६ साली लंडनला ते 'जेंटू कायद्यांची संहिता' या अर्थाच्या नावानं बाहेर पडलं. भाषांतराचं भाषांतर. कोर्टात कोणी असला कागद माझ्यापुढे ठेवला असता तर मी मूळ प्रत मागितली असती. विल्यम जोन्सलाही हेच खटकलं. तो कलकत्त्याला न्यायाधीश म्हणून आला आणि फारसी मध्यस्थावर भरवसा नको म्हणून स्वतः संस्कृत शिकायला बसला.

तर या हॅलहेडने प्रस्तावनेत जेंटू शब्दाची फोड केली : संस्कृतात जंतु म्हणजे प्राणिमात्र, आणि मर्यादित अर्थाने माणूस. त्यावरून परक्यांनी हे नाव उचललं असावं, असं त्याला वाटलं. फ्रायरचं पुस्तक पाऊणशे वर्षं जुनं झालं होतं, ते त्याने बघितलं नसावं. अंदाज चुकला, पण त्यात हेटाळणी नाही. संस्कृतातला जंतु म्हणजे जन्मलेला जीव, सर्दी देणारा जंतू हा फार अलीकडचा. आणखी एक मौज आहे. लॅटिनमधला 'जेन्स' आणि आपल्याकडचा जन्, जन, जंतु हे एकाच जुन्या धातूचे, हे भाषाशास्त्र आज मानतं. हॅलहेड चुकीच्या रस्त्यानं का होईना, त्याच वाड्याच्या मागच्या दाराशी गेला होता. ग्रुपवरच्या मित्रांना एवढंच सांगणं की शिवी शोधायचीच असेल तर ती जंतूत नाही, जेंतियोत आहे : 'आमच्या धर्माबाहेरचा'.

आता माझ्या धंद्याचा भाग, तिथं थोडा रेंगाळतो. हा शब्द प्रवासवर्णनात राहिला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं. तो कायद्यात शिरला. १७४४-४५ च्या सुमारास लंडनच्या चान्सरी कोर्टात ओमीचंद विरुद्ध बार्कर हा दावा गाजला. ओमीचंद कलकत्त्याचा व्यापारी. त्याच्या बाजूच्या साक्षी कलकत्त्याला कमिशन पाठवून घेतल्या होत्या, आणि साक्षीदारांनी शपथ घेतली होती ती ब्राह्मणाच्या पायाला हात लावून. पलीकडच्या वकिलांचं म्हणणं, बायबलवर हात न ठेवणाऱ्याची शपथ ती शपथच नव्हे. लॉर्ड हार्डविकने निकाल दिला की साक्षीदार ईश्वर मानत असेल आणि त्याच्या धर्माच्या रीतीने शपथ घेतलेली असेल, तर साक्ष ग्राह्य. निकालात त्या साक्षीदारांचा धर्म कोणता लिहिलाय? जेंटू धर्म. 'ईश्वरसाक्ष खरं सांगेन' म्हणत पिंजऱ्यात उभे राहिलेले पन्हाळ्याकडचे, भुदरगडकडचे शेतकरी मी हजारांनी पाहिले. त्यांच्यामागे दूरवर तो निकाल उभा आहे.

पुढे १७८१ साली ब्रिटिश पार्लमेंटने कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाविषयी कायदा केला, त्यात मुसलमानांना त्यांचे कायदे आणि रूढी, जेंटूंना त्यांचे, असं कलमच घातलं. १७९७ साली मद्रास-मुंबईसाठीही तेच शब्द आले. म्हणजे कायद्यापुढे इथल्या माणसाच्या पेट्या दोनच. पारशाने काय करायचं? तो ना मूर, ना जेंटू. मुंबई शहरात त्याला सरळ इंग्रजी कायदा लागू झाला. १८३५ साली एका पारशाच्या थोरल्या मुलाने इंग्रजी रिवाजाप्रमाणे बापाच्या साऱ्या स्थावरावर एकट्याचा हक्क सांगितला, तेव्हा पारशी समाज हादरला, धावपळ झाली, १८३७ साली त्यापुरता कायदा करून घेतला आणि १८६५ साली त्यांचा वेगळा वारसा कायदा आला. शब्दाच्या पेटीत न मावणाऱ्याचे असे हाल होतात. आणि मावणाऱ्यांचं तरी काय? जेंटूच्या पेटीत जैन, लिंगायत, महानुभाव, वारकरी सगळे एकावर एक रचलेले. कोल्हापूरच्या कुठल्याही पेठेत शंभर पावलं चाललं तर यातले चारही भेटतात, आणि कोणाचे रिवाज कोणासारखे नाहीत.

हे जुन्या साहेबाचं अडाणीपण म्हणून हसण्यावारी नेऊ नये. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम २ काढून बघा. त्यात वीरशैव, लिंगायत, ब्राह्मो, प्रार्थना समाजी, आर्य समाजी यांची नावं घेतली आहेत, बौद्ध, जैन, शीख घेतले आहेत, आणि शेवटी जो धर्माने मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही त्यालाही कायदा लागू केलाय. या शेवटच्या ओळीचं मराठी करताना मला दर वेळी कालिकतचे ते पोर्तुगीज आठवायचे. उरलेल्यांचा कप्पा अजून शाबूत आहे, पाटी तेवढी बदलली.

पाटी बदलली ती कधी, हेही सांगतो. हॅलहेडच्या पुस्तकावर १७७६ साली जेंटू. जोन्सने मनुस्मृतीचं भाषांतर १७९४ साली छापलं, त्याच्या नावात मात्र हिंदू कायदा. म्हणजे अठरा वर्षांत, त्याच कामासाठी शब्द पालटला. फारसी आणि संस्कृत वाचणारे लोक आल्यावर पोर्तुगीज उष्टं खायची गरज उरली नाही. मद्रासला मात्र जेंटू वेगळ्याच अर्थाने तग धरून होता. तिथं तमिळ माणूस 'मलबार' आणि तेलुगू माणूस 'जेंटू'. ए. डी. कॅम्पबेलने १८१६ साली तेलुगूचं व्याकरण छापलं, त्यावर 'जिला सामान्यतः जेंटू म्हणतात' असा खुलासा करावा लागला. आपला सोलापूरचा एखादा पद्मशाली विणकर त्या काळी मद्रासला गेला असता तर तो धर्माने नव्हे, भाषेने जेंटू ठरला असता. म्हणून म्हणतो, कागद मद्रासचा की मुंबईचा हे कळल्याशिवाय या शब्दाचं मराठी करताच येत नाही. आपल्या लेखात छापण्याचं वर्ष नाही, पुस्तकाचं नाव नाही, शहर कुठलं तेही नाही.

१८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला तेव्हा जेंटू हा जुनापुराणा शब्द म्हणून त्यात नोंदला गेला. त्या कोशाचं नाव 'हॉब्सन-जॉब्सन', आणि ते कशावरून घेतलं? मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन, या हुसेन' हा पुकारा गोऱ्या सोल्जरांच्या कानांनी असा ऐकला, त्यावरून. मोहरमच्या खत्तल रात्रीला आमच्या तालमीत पंजासमोर हा पुकारा करणाऱ्यांत कदम, सुतार, मोमीन सगळे असतात. सोल्जरनं तिथं उभं राहून मूर किती आणि जेंटू किती मोजून दाखवावेत. आता जेंटू हा शब्द जिवंत आहे फॉकलंड बेटांवरच्या एका पेंग्विनच्या नावात. त्याच्या डोक्यावरचा पांढरा पट्टा फेट्यासारखा दिसतो म्हणून नाव पडलं असा एक तर्क आहे. माझ्या नातवाच्या कॉम्प्युटरमध्येही 'जेंटू' नावाची एक लिनक्स प्रणाली आहे, ती या पेंग्विनवरून. त्याला मी हॅलहेड सांगायला लागलो तर तो हेडफोन घालतो.

एक गोष्ट आपल्या लेखकांनी आवर्जून वाचावी. करवीर राज्याच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. हे बावड्याचे अमात्य, आपल्या गगनबावड्याकडचे. त्यात परकी व्यापाऱ्यांचा विषय निघतो तेव्हा ते सगळ्यांना मिळून टोपीकर म्हणतात खरे, पण लगेच फोड करतात : फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज, वलंदेज म्हणजे डच, फरांसीस, आणि डिंगमार म्हणजे डेन्मार्कवाले. वर बजावतात की हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्यातल्या प्रत्येकाच्या पाठीशी एक राजा आहे, यांना किनाऱ्यावर पक्की जागा देऊ नये. डेन्मार्कची कोकणात वस्ती नव्हती, तरी पंतांच्या यादीत तो आहे. लंडनच्या पार्लमेंटला १७८१ मध्ये या देशात दोनच जातीची माणसं दिसत होती, आणि त्याआधी पासष्ट वर्षं इथल्या डोंगरात बसलेला एक कारभारी टोप्यांखालची पाच राष्ट्रं ओळखून होता. माझा हा थोडा गावाभिमान समजा, पण कागद माझ्या बाजूने आहे.

इंग्रजांवर अन्याय नको म्हणून हेही नोंदवतो. सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळ्यावर तोफा डागायला जे राजापूरच्या वखारीचे इंग्रज आले, त्यांचाच प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन. त्याच १६६० साली त्याने शिवाजी महाराजांना पत्र लिहिलं, त्यात त्यांना 'हिंदू फौजांचे सेनापती' असं संबोधलं होतं. म्हणजे हिंदू हा शब्द त्यांना तेव्हाही ठाऊक होता. जिथं त्यांनी तो वापरला तिथं आपण हिंदू लिहू, आणि जिथं जेंटू लिहिलं तिथं जेंटूच ठेवू. माझं म्हणणं सगळं मिळून एवढंच आहे. आजकाल अशी पानं घरोघरी निघतात, लगेच छापली जातात, आणि कोणी जेंटूच्या जागी हिंदू बसवून, कोणी तेलुगू बसवून, कोणी जंतू बसवून आजच्या भांडणात पुरावा म्हणून फेकतो. अमात्यांचा वलंदेज आपण डच करत नाही, वलंदेजच ठेवतो आणि खाली टीप देतो. तोच न्याय इंग्रजी कागदाला द्यावा. मूळ शब्द देवनागरीत जसाच्या तसा, आणि खाली दोन ओळींची टीप : साल कोणतं, लिहिणारा कोण, त्याच्या तोंडी हा शब्द कोणासाठी होता. पुरवणीत तेवढी जागा निघते. त्याच पुरवणीत पेठेच्या मिसळीचा फोटो चार स्तंभी होता.

जाता जाता, ते पान ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी. फोटोत पानाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात एक सुटा शब्द दिसतो. लेखात त्याला 'सांकेतिक खूण' म्हटलंय. तो पुढच्या पानाचा पहिला शब्द आहे. जुने छापखाने पानं क्रमाने लागावीत म्हणून तो खाली छापत. पुस्तक ओळखायला त्याचा फार उपयोग होतो, कारण दोन आवृत्त्यांत तो बहुधा बदलतो. तसंच काही शब्दांत एस हे अक्षर एफसारखं दिसतंय, ती जुन्या छपाईची पद्धत आहे, अठराशेच्या आसपास ती बंद पडली. तेव्हा पान त्याआधीचं असावं. या दोन खुणांवरून जाणकार माणूस पुस्तकाचा माग काढू शकेल. मात्र लेखाच्या शेवटी ते पान लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावणार असल्याचं वाचलं. कृपा करून ते करू नये. लॅमिनेशनच्या उष्णतेने आणि डिंकाने जुना कागद कायमचा जातो, परत सोडवता येत नाही. दोन कोऱ्या, आम्लविरहित कागदांमध्ये सपाट ठेवावं, उन्हापासून लांब, आणि भिंतीवर लावायची हौस असेल तर फोटोची प्रिंट लावावी.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन भाषांतरकार
मंगळवार पेठ, कोल्हापूर